'स्केपगोट' म्हणजे नेमके काय? बळीचा बकरा, दोषारोप आणि धम्म



इंग्रजी बातम्यांत, टीव्हीवरच्या चर्चांत आणि न्यायालयीन निकालांवरच्या लेखांत 'स्केपगोट' हा शब्द सतत येतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींना तो माहीत आहे. मराठीत त्याचे भाषांतर 'बळीचा बकरा' असे पाठ केले जाते आणि तिथेच विषय संपतो. पण हा शब्द नुसता पाठ करण्याचा नाही. कोणाची चूक कोणाच्या माथी मारली जाते, हे ओळखण्याचे ते एक हत्यार आहे. ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्यांचा दोष स्वतःच्या डोक्यावर वाहिला, त्या समाजातील कार्यकर्त्यांना हे हत्यार नीट वापरता आले पाहिजे. म्हणून या शब्दाचा अर्थ, त्याचा उगम आणि त्याचा वापर आम्ही इथे सविस्तर मांडत आहोत. उदाहरणे शक्य तितकी आपल्या मावळातली घेतली आहेत.

अर्थ आणि वापर

स्केपगोट म्हणजे दुसऱ्याने केलेल्या किंवा अनेकांनी मिळून केलेल्या चुकीचा दोष ज्या एकट्याच्या डोक्यावर टाकला जातो, तो. इंग्रजीत 'मेक अ स्केपगोट ऑफ समवन' म्हणजे एखाद्याला बळीचा बकरा बनवणे. हाच शब्द क्रियापदासारखाही वापरतात आणि त्या सगळ्या प्रकाराला 'स्केपगोटिंग' म्हणतात.

मराठीत आपण 'बळी' आणि 'बळीचा बकरा' या शब्दांची सरमिसळ करतो. पुरात वाहून गेलेला माणूस पुराचा बळी ठरतो. उपचार न मिळाल्याने दगावलेला रुग्ण व्यवस्थेचा बळी ठरतो. हे दोघे स्केपगोट नाहीत, कारण त्यांच्यावर कोणी दोष टाकलेला नाही. स्केपगोट म्हणायला तीन गोष्टी लागतात. पहिली, काहीतरी खरोखर बिघडलेले असते: अपघात, रोगराई, चोरी, पराभव. दुसरी, त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी किंवा अनेकांची असते. तिसरी, ती जबाबदारी अशा माणसावर टाकली जाते, ज्याला उलट उत्तर देण्याची ताकद नसते. या तिन्ही गोष्टी जुळल्या की बाकीचे सगळे मोकळा श्वास घेतात आणि चौकशी थांबते. हा मोकळा श्वास हीच स्केपगोटची खरी खूण आहे.

आपल्या बोलीत या प्रकाराला शब्दांची कमतरता नाही. कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडले जाते. वड्याचे तेल वांग्यावर निघते. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडे होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि बिचारा कावळा गुन्हेगार ठरतो. पण स्केपगोटच्या सर्वांत जवळ जाणारी म्हण एकच: चोर सोडून संन्याशाला सुळी. तिच्यात दोन्ही बाजू आहेत. संन्यासी सुळावर जातो हे आपल्याला दिसते, पण त्याच वेळी चोर सुटतो हे आपण विसरतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याबरोबरच जो सुटला त्याच्याकडेही बोट दाखवायला हा शब्द शिकवतो.

शब्द आला कुठून?

'स्केपगोट' हा शब्द १५३० साली जन्माला आला. विल्यम टिंडेल या इंग्रज विद्वानाने बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांचे हिब्रूमधून इंग्रजीत भाषांतर केले. त्यातील लेवीय या ग्रंथाच्या १६ व्या अध्यायात प्राचीन यहुदी लोकांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. त्या दिवशी दोन बकरे आणले जात. चिठ्ठ्या टाकून त्यांतला एक देवासाठी निवडला जाई आणि कापला जाई. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवी, साऱ्या लोकांची पापे मोठ्याने कबूल करी आणि ती पापे त्या बकऱ्याच्या डोक्यावर ठेवली असे मानले जाई. मग त्याला रानात हाकलून देत.

या दुसऱ्या बकऱ्यासाठी मूळ हिब्रूत 'अझाझेल' असा शब्द येतो. टिंडेलने त्याचा अर्थ 'निघून जाणारा बकरा' असा घेतला. त्याच्या आधीच्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांतही अर्थ याच वळणावर गेला होता. 'एस्केप' म्हणजे निसटणे. त्याचे जुने छोटे रूप 'स्केप', त्याला 'गोट' जोडून 'स्केपगोट' तयार झाला. अझाझेल हे रानातल्या एखाद्या दुष्ट शक्तीचे नाव असावे, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात आणि काही नव्या इंग्रजी भाषांतरांत तो शब्द जसाच्या तसा ठेवला जातो. पण तोवर टिंडेलचा शब्द भाषेत रुजला होता. १६११ च्या प्रसिद्ध किंग जेम्स बायबलनेही तो कायम ठेवला. एकोणिसाव्या शतकापासून तो धर्मग्रंथाबाहेर पडून 'दुसऱ्याचा दोष वाहणारा माणूस' या आजच्या अर्थाने वापरला जाऊ लागला. स्वतः टिंडेलला पाखंडी ठरवून १५३६ साली ठार मारण्यात आले.

म्हणजे मुळातला स्केपगोट हा कापला जाणारा बकरा नव्हेच. कापला जातो तो पहिला. स्केपगोट जिवंत राहतो, पण गावाबाहेर जातो. आपल्या मराठी 'बळीचा बकरा' या शब्दात हे दोन्ही बकरे एक झाले आहेत. भाषांतरात जी गोष्ट हरवली, ती हीच: दोष लादायचा आणि वेशीबाहेर काढायचे. 'वेशीबाहेर' हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

इंग्रजीतला 'ब्लेम' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ ग्रीक-लॅटिनमधील 'निंदा' या अर्थाच्या शब्दात आहे. ईश्वरनिंदा या अर्थाचा 'ब्लास्फेमी' हा शब्दही त्याच मुळातून आला. म्हणजे दोष देणे आणि निंदा करणे ही मुळात सख्खी भावंडे आहेत. दोष ठरवायला पुरावा लागतो. निंदेला फक्त तोंड लागते.

मराठीतला 'बळी'

आपल्याकडचा 'बळी' हा शब्दही पालीत आणि संस्कृतात 'बलि' म्हणून जुना आहे. त्याचा एक अर्थ देवाला द्यायचे अर्पण आणि दुसरा अर्थ राजाला द्यायचा कर. सम्राट अशोकांनी लुंबिनीच्या स्तंभलेखात लिहून ठेवले आहे की, इथे बुद्ध जन्मले म्हणून या गावाचा 'बलि' माफ केला आहे आणि उत्पन्नाचा फक्त आठवा भाग घ्यायचा आहे. पहिल्या शिलालेखात त्यांनी यज्ञासाठी प्राण्यांचा बळी देण्यास मनाई केली. दोन्ही अर्थांचा 'बलि' कमी करणारा हा राजा होता.

तिसरा बळी म्हणजे बळीराजा. इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो असे आपल्या आयाबाया म्हणत आल्या. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीराजाच्या कथेकडे बहुजनांच्या पराभवाचा इतिहास म्हणून पाहिले. ज्याचे राज्य गेले तोच पाताळात ढकलला गेला, आणि कथेत दोषही त्याच्याच माथी आला. शब्दाच्या तिन्ही वाटा शेवटी एकाच प्रश्नाशी येतात: देणारा कोण, घेणारा कोण आणि ज्याचा जीव जातो तो कोण?

कार्ल्याच्या डोंगरावर

लोणावळ्याजवळच्या कार्ला लेणीचे चैत्यगृह आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. सुमारे १२४ फूट लांब, सुमारे ४५ फूट रुंद, ३७ खांब आणि वर आजही टिकून असलेल्या सागाच्या फासळ्या. याच अंगणात, चैत्यगृहाच्या दाराशी, एकविरेचे मंदिर आहे. कोळी, आगरी आणि इतर अनेक समाजांची ती कुलदेवता. तिला नवसाचा बोकड देण्याची प्रथा जुनी आहे. यात्रेच्या काळात गडावर पशुहत्येला प्रशासन बंदीही घालते.

आता प्रश्न असा की, हा बोकड 'स्केपगोट' आहे का? नाही. त्याच्या डोक्यावर कोणाचे पाप ठेवलेले नसते. तो नवस फेडण्यासाठी असतो आणि नंतर त्याचे जेवण होते. जीव जातो म्हणून तो बळी आहे, पण शब्दाच्या नेमक्या अर्थाने स्केपगोट नाही. पशुबळीला आपला विरोध आहे, कारण बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन आहे. पण या एका प्रथेवरून दर्याचे कष्ट उपसणाऱ्या कोळी-आगरी बांधवांना सरसकट मागास, हिंसक म्हणून हिणवणे आणि 'लेणीची दुर्दशा यांच्यामुळेच झाली' असे म्हणून मोकळे होणे म्हणजे आपण स्वतः एक नवा बळीचा बकरा शोधणे होय. लेणी जपण्याची कायदेशीर जबाबदारी कोणाची, कचरा कोण उचलणार, गर्दीचे नियोजन कोण करणार, हे प्रश्न मग कोणी विचारतच नाही.

त्याच चैत्यगृहात या साऱ्याला उत्तर देणारी एक गोष्ट दगडात कोरलेली आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचा सुतार सामी, गंधिक सिंहदत्त, एकेक खांब देणारे यवन. प्रत्येकाने आपले नाव, आपले गाव, आपला धंदा लिहिला आणि पुढे सांगितले की हे माझे दान. या डोंगरावरचा धम्म असा आहे. आपण जे केले त्यावर आपले नाव घालायचे. स्केपगोट म्हणजे याच्या अगदी उलटा व्यवहार. आपण जे केले, त्यावर दुसऱ्याचे नाव घालायचे.

शिवेबाहेर घालवलेली पिडा

लेवीय ग्रंथातल्या विधीच्या जवळ जाणारे विधी आपल्या गावगाड्यातही होते. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे पिडा पुढच्या गावाला जाईल, ही समजूत. आजाऱ्यावरून उतारा ओवाळून तो तिठ्यावर टाकायचा, म्हणजे जो ओलांडेल त्याला बाधा होईल, ही तशीच दुसरी समजूत. दोन्हींत विचार एकच. पिडा नाहीशी करायची नाही, फक्त दुसऱ्याकडे सरकवायची. मरीआईच्या सेवेतील अवघड, अंगावर आसूड ओढून घेण्याची कामे पोतराजाच्या रूपाने बहुधा आपल्याच वस्त्यांच्या वाट्याला आली. गावाची पिडा वाहायला गावाबाहेरचा माणूस.

याचेच सर्वांत क्रूर रूप म्हणजे एखाद्या बाईला चेटकीण ठरवणे. मूल दगावले, गाय आटली, पीक गेले की एकट्या राहणाऱ्या विधवेने करणी केली असे म्हणायचे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा प्रकार गुन्हा ठरवला आहे. अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे रोगराई येते असे भासवून त्याचे जगणे मुश्कील करणाऱ्याला किमान सहा महिने आणि कमाल सात वर्षे कैद होऊ शकते. आपल्या गावात असे काही कानावर आले, तर 'अंधश्रद्धा आहे, होईल कमी' म्हणून गप्प बसू नका. हा कायदा वापरा.

दोष नेहमी खाली का घरंगळतो?

चौदाव्या शतकात युरोपात प्लेगने लाखो माणसे मेली. रोगाचे कारण कोणालाच कळत नव्हते. तेव्हा यहुद्यांनी विहिरींत विष टाकले अशी आवई उठली आणि १३४८-४९ च्या सुमारास अनेक शहरांत यहुद्यांच्या वस्त्याच्या वस्त्या जाळल्या गेल्या. रेने जिरार या फ्रेंच विचारवंताने १९८२ मध्ये याच विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, समाज संकटात सापडला की गर्दी एका दुबळ्याला निवडते, त्याच्याविरुद्ध एक होते आणि त्या एकीलाच शांतता समजते.

विहीर आणि पाणी म्हटले की आपल्याला महाड आठवणारच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते तळे नगरपालिकेचे होते आणि पालिकेने ते सर्वांना खुले केलेले होते. म्हणजे सत्याग्रहींनी कायदा मोडला नव्हता. तरीही 'आता हे वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार' अशी अफवा उठवली गेली आणि परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. मार खाल्ला त्यांनी आणि तळे बाटवल्याचा दोषही त्यांच्याच माथी. तळ्याचे शुद्धीकरण झाले, हल्लेखोरांच्या मनाचे नाही.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे सांगण्यात आले. न्या. गुंडेवार आयोगाने हा बचाव नाकारला आणि गोळीबार अनावश्यक ठरवला. २००९ मध्ये न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवले. मेलेल्यांच्या माथ्यावरचा दोष उतरायला इतकी वर्षे लागली. एकदा टाकलेला दोष किती चिवट असतो, हे यावरून समजावे.

कुंडमळ्याचा पूल: आपल्या दारातले उदाहरण

आता पुन्हा मावळात येऊ. १५ जून २०२५, रविवार. इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासच्या आसपास लोक जखमी झाले. शेलारवाडीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या आपल्या तरुणांना हा परिसर परका नाही.

घटनेनंतर काही तासांतच एक सूर उमटला: पर्यटकच बेजबाबदार, सेल्फीसाठी मरतात, धोक्याचा फलक दिसत नव्हता का? दरवर्षी पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणावर, धबधब्यांवर दुर्घटना घडली की हाच सूर लागतो. त्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पुलावर गर्दी झाली होती आणि तो धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झालेले होते. पण इथे स्केपगोटच्या तीन खुणा लावून पाहा. पूल धोकादायक होता हे माहीत असताना तो पक्का बंद करण्याचा किंवा पाडण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता? नव्या पुलाला मंजुरी मिळालेली असताना जुना पूल वापरात राहिलाच कसा? रविवारी पावसाळ्यात तिथे गर्दी होते हे साऱ्या मावळाला ठाऊक असताना बंदोबस्त का नव्हता? फलक लावणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे नव्हे. कधी कधी फलक हा दोष दुसऱ्यावर टाकण्याची आगाऊ तयारी असतो.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. लोकांचा संताप वाढला की वरून एक हुकूम निघतो आणि सर्वांत खालच्या पायरीवरचा एखादा कर्मचारी निलंबित होतो. वर्तमानपत्रात मथळा येतो, साऱ्यांना हायसे वाटते, फाईल बंद होते. तो कर्मचारी निर्दोष असेलच असे नाही. पण एकट्याचे निलंबन हे उत्तर वाटत असेल, तर आपल्याला पुन्हा एक बकरा दाखवला जातो आहे.

बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला. हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. कोणतीही घटना एका कारणाने घडत नाही. कारणांची साखळी मांडली की प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसतो: पर्यटकाचा इतका, ठेकेदाराचा इतका, खात्याचा इतका, निधी अडवून बसलेल्याचा इतका. स्केपगोट ही साखळी तोडून एकच कडी हातात देतो.

बुद्धांच्या काळातला बकरा

विनयपिटकात एक प्रसंग आहे, तो संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. दब्ब मल्लपुत्र हे भिक्खू संघात निवासाची व्यवस्था पाहत आणि भोजनाची निमंत्रणे वाटून देत. मेत्तिय आणि भुम्मजक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भिक्खूंच्या गटाला साधी खोली आणि साधे जेवण मिळाले. त्यांनी राग दब्बांवर काढला आणि एका भिक्खुणीला पुढे करून त्यांच्यावर खोटा आरोप केला. संघ जमला, बुद्धांनी दब्बांना सर्वांसमोर विचारले, आरोप करणाऱ्यांची चौकशी झाली आणि आरोप खोटा निघाला.

पण गट थांबला नाही. पुढे गृध्रकूटावरून उतरताना त्यांना एक बकरा आणि बकरी समागम करताना दिसली. त्यांनी बकऱ्याचे नाव ठेवले 'दब्ब' आणि बकरीला त्या भिक्खुणीचे नाव दिले. मग सांगत सुटले, आम्ही ऐकीव सांगत नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले! अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा खरोखरीचा बळीचा बकरा. आज व्हॉट्सअॅपवर एकाचा व्हिडिओ दुसऱ्याच्या नावाने फिरतो, त्याची जात हीच. बुद्धांनी निराधार आरोप करणे हा संघादिसेस म्हणजे अतिशय गंभीर अपराध ठरवला. अर्धवट सत्याचा आडोसा घेऊन केलेल्या आरोपासाठी वेगळा नियमही केला.

मंडळाचा खजिनदार, विहाराचा व्यवस्थापक, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारी मुलगी. कामाचा भार ज्यांच्यावर, संशयही आधी त्यांच्यावरच. हिशेब मागणे हा आपला हक्क आहे. पण तो सर्वांसमोर मागावा, कागद बघून मागावा, आणि समोरच्याला बोलू द्यावे.

सुंदरीचीही कथा अशीच. बुद्धांचा वाढता मान सहन न झालेल्या अन्य पंथीयांनी सुंदरी नावाच्या परिव्राजिकेचा खून घडवून प्रेत जेतवनाजवळ लपवले आणि भिक्खूंवर आळ घेतला. श्रावस्तीत भिक्खूंना शिव्याशाप मिळू लागले. बुद्धांनी संघाला सांगितले, हा गदारोळ सात दिवसांत शमेल.  बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा आवर्जून घेतली. यातले खरे स्केपगोट कोण? भिक्खू तर आहेतच, पण त्यांच्याआधी सुंदरी. दुसऱ्यावर आळ घेण्यासाठी तिचा जीव वापरला गेला.

आणि दोष कुठे शोधायचा हे शिकवणारे सर्वांत मोठे सूत्र दीघनिकायातील कूटदंत सुत्तात आहे. कूटदंत ब्राह्मण मोठ्या यज्ञाची तयारी करतो. सातशे बैल, सातशे बकरे, सातशे मेंढे, असे शेकडो प्राणी खांबाला बांधलेले. बुद्ध त्याला महाविजित राजाची गोष्ट सांगतात. राज्यात चोऱ्या वाढल्या होत्या. राजाला वाटले, चोरांना पकडून मारावे. पुरोहित म्हणाला, त्याने चोऱ्या थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला योग्य वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी ठेवून झोपू लागले. गुन्ह्याचे मूळ गरिबीत पाहणारा, शिक्षेसाठी एखादा चोर शोधून हायसे न वाटून घेणारा हा विचार आहे. कूटदंताने मग ते सारे प्राणी सोडून दिले.

कार्यकर्त्यांसाठी काही सूचना

पहिली, शब्द नेमके वापरा. 'संशयित' म्हणजे ज्याच्यावर संशय आहे. 'आरोपी' म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे. 'दोषी' म्हणजे ज्याला न्यायालयाने दोषी ठरवले आहे. निवेदनात, बातमीत, फलकावर हे तीन शब्द एकमेकांच्या जागी लिहू नका. आपण दुसऱ्याला निकालाआधी दोषी ठरवू लागलो, तर आपल्या माणसांवर तसे झाले तेव्हा बोलायला आपल्याला तोंड राहत नाही.

दुसरी, सत्ताधारी माणूस 'मला बळीचा बकरा बनवले जात आहे' म्हणाला की तीन खुणा लावून पाहा. अनेकदा खरा जबाबदार माणूसच हा शब्द ढालीसारखा वापरतो. ज्याच्या हातात अधिकार, वकील आणि माध्यमे आहेत, तो सहसा स्केपगोट नसतो.

तिसरी, अत्याचाराच्या प्रकरणात दोष खालच्या पायरीवर थांबू देऊ नका. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ नुसार, कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकावरही कारवाई होऊ शकते. फिर्याद नोंदवायला टाळाटाळ झाली, तर हे कलम लक्षात ठेवा. आणि पीडितेच्या कपड्यांवर, तिच्या येण्याजाण्याच्या वेळांवर चर्चा सुरू झाली की तिथेच थांबवा. तो पीडितेलाच बकरा बनवण्याचा पहिला टप्पा असतो.

चौथी, आरोप करण्यापूर्वी बुद्धांनी सांगितलेल्या पाच कसोट्या तपासा. योग्य वेळी बोलतो आहे का, खरे बोलतो आहे का, सौम्यपणे बोलतो आहे का, त्यातून हित होणार आहे का, आणि मनात मैत्री आहे का? पाचही कसोट्यांवर उतरलेला आरोप कठोर असला तरी न्यायाचा असतो.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. कार्ला, भाजे, बेडसे, शेलारवाडी यांच्या कुशीतल्या या मावळात आपण दरवर्षी ती आठवण जागवतो. तथागतांची शिकवण अगदी साधी आहे. पाप आपण करतो, मलिन आपणच होतो, शुद्धही आपणच होतो. दुसरा कोणी आपल्याला शुद्ध करू शकत नाही. हे मान्य केले की पाप वाहून नेणाऱ्या बकऱ्याची गरजच उरत नाही, दोन पायांच्याही नाही आणि चार पायांच्याही नाही.

पुढच्या वेळी बातमीत 'दोषी कोण' असा मथळा दिसला, तर आधी इतकेच विचारा: हे रोखण्याची ताकद कोणाच्या हातात होती? आणि दोष ज्याच्यावर आला, त्याला बोलू दिले का?

जय भीम.